दागिना, रुमाल आणि तसबीर

कान आणि डोळे यांत चार बोटांचे अंतर असते, असे आपल्याकडील वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, स्वतः पाहावे आणि मग बोलावे, हा त्या सांगण्याचा आशय. उपदेश चांगलाच आहे. न्यायमंदिरातही ऐकीव साक्षीहून प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या साक्षीचे वजन अधिक मानतात. परंतु ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्याचीच फसगत झाली तर त्याने काय करावे? कानाने दगा दिला तर डोळ्याकडे दाद मागता येते. डोळ्यानेच दगा दिला तर दाद कोणाकडे मागावी? हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके चघळला आणि नाटककारांनी तो रंगभूमीवर मांडला. आमच्या या परिसरातील एका नाटककाराने तर तो एकदा सोडून तीनदा हाती घेतला. त्याची ती तीन नाटके एकापुढे एक ठेवून पाहिली असता सत्य, त्याचे होणारे दर्शन आणि त्या दर्शनावरून आपण रचलेली कथा या तीन गोष्टींतील अंतर जितके स्पष्ट होते, तितके ते मोठमोठ्या ग्रंथांनीही होत नाही, असे आम्हांस वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

माधवनगराहून सांगलीत यावे, पेठ ओलांडून कृष्णाकाठाने पुढे जावे, म्हणजे हरिपूर लागते. कृष्णा आणि वारणा यांचा संगम येथे आहे, संगमेश्वराचे देवालय आहे, आणि हळदीच्या पेवांमुळे व्यापाऱ्यांत या गावाचे नाव दूरवर पोचलेले होते. जमिनीच्या पोटात खोल खणलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षे सुखरूप राहत असे; २००५ च्या महापुराने त्यांतील पुष्कळशी निकामी करून टाकली. याच हरिपुरात १८५५ साली गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म झाला. देवलांची नाटके सात. त्यांतील 'शारदा' तेवढे स्वतंत्र. बाकीची संस्कृतातून किंवा इंग्रजीवरून घेतलेली. यामुळे देवल हे थोर नाट्यशिक्षक आणि कुशल रूपांतरकार खरे, परंतु स्वतंत्र प्रतिभेचे लेखक एका नाटकापुरतेच, असा निवाडा अनेकदा दिला जातो. आम्हांस तो अपुरा वाटतो. दुसऱ्याच्या बागेतील फुले वेचणाऱ्याचीही एक दृष्टी असते. तो कोणती फुले वेचतो यावरून ती ओळखू येते. देवलांनी काय वेचले ते पाहू.

त्याआधी थोडे मागे जाणे अवश्य आहे. १८४३ साली सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हा खेळ केला, आणि तेथून मराठी रंगभूमीचा इतिहास मोजण्याची प्रथा आहे. भाव्यांच्या खेळांत विदूषक येई, सूत्रधार गाई, देव गंभीर पावलांनी प्रवेश करीत आणि राक्षस 'अललल डुर्र' अशा आरोळ्या ठोकीत रंगभूमी दणाणून सोडीत. त्या नाट्यसृष्टीत ओळखण्याची अडचण नव्हती. देव कोण, राक्षस कोण, हे रंगविलेल्या तोंडावरूनच कळे. दिसणे आणि असणे यांत तेथे फारकत नव्हती. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले. त्यात दुष्यंताला शकुंतलेची ओळख पटत नाही. पण अंगठी सापडताच सत्य प्रगट होते. म्हणजे येथे वस्तू सत्याची साक्ष देते. ती हरवली की सत्य हरवते, ती मिळाली की सत्य मिळते. वस्तूवरील हा विश्वास देवलांच्या हाती नाटक आल्यावर डळमळू लागला. त्यांच्या नाटकांत वस्तू हरवत नाही, ती सापडते; आणि सापडते म्हणूनच अनर्थ ओढवतो.

पहिले नाटक 'मृच्छकटिक', साल १८८७, मूळ शूद्रकाचे. चारुदत्ताचा लहान मुलगा शेजाऱ्याच्या मुलासारखी सोन्याची गाडी हवी म्हणून रडत असतो. मातीच्या गाडीने त्याचे समाधान होत नाही. वसंतसेना आपल्या अंगावरील दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत घालते. सबंध नाटकातील हा सर्वांत कोवळा प्रसंग. पुढे शकार वसंतसेनेचा गळा दाबतो, ती मेली असे समजून निघून जातो आणि खुनाचा आळ चारुदत्तावर घेतो. दागिने परत करावयास निघालेला मैत्रेय न्यायसभेत येतो, शकाराशी त्याची झोंबाझोंबी होते, आणि बगलेत धरलेले दागिने भर सभेत खाली पडतात. दागिने वसंतसेनेचेच आहेत, ते चारुदत्ताच्या मित्राजवळ सापडले आहेत, हे सभा डोळ्यांनी पाहते. न्यायाधीशाला चारुदत्ताचे शील ठाऊक आहे. तो मनातून कष्टी होतो. परंतु दागिन्यांची साक्ष शीलाच्या साक्षीहून वरचढ ठरते. वसंतसेना जिवंत आहे, आणि तिच्या खुनाबद्दल चारुदत्त सुळाच्या वाटेला लागला आहे! आईवेगळ्या होऊ पाहणाऱ्या एका लेकराच्या रडण्याला दिलेले प्रेमाचे उत्तर न्यायसभेत खुनाचा पुरावा होऊन बसले.

दुसरे 'झुंजारराव', साल १८९०. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चे हे रूपांतर शाहूनगरवासी मंडळीने रंगभूमीवर आणले आणि गणपतराव जोशी यांनी झुंजाररावाची भूमिका गाजविली. मूळ कथा वाचकांस ठाऊक असेलच. पराक्रमी सेनापतीच्या मनात त्याचाच एक हाताखालचा अधिकारी पत्नीविषयी विष कालवतो. सेनापती भोळा असला तरी मूर्ख नाही. तो डोळ्यांनी दिसेल असा पुरावा मागतो. आणि पुरावा त्यास दिसतो. लग्नाच्या वेळी त्याने पत्नीला दिलेला रुमाल परक्या पुरुषाच्या हातात दिसतो. रुमाल तोच, त्यावरील नक्षी तीच. तो त्या पुरुषाकडे कसा गेला, एवढाच प्रश्न उरतो; आणि तेवढाच विचारावयाचा राहून जातो. पत्नी प्राणास मुकते. सत्य कळते तेव्हा ते ऐकावयास ती नसते.

तिसरे 'संशयकल्लोळ'. १८९३ साली देवलांनी ते 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने गद्यात लिहिले. पुढे पदे घालून त्याचे संगीत नाटक केले, आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. देवल त्याच वर्षी वारले. या कथेची वंशावळ लांब आहे. देवलांनी ती आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराच्या १७६१ सालच्या नाटकावरून घेतली आणि मर्फीने मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या १६६० सालच्या प्रहसनावरून. पॅरिसहून लंडनला आणि लंडनहून कृष्णाकाठी आलेल्या या तसबिरीचा घोटाळा मात्र कोठेही जुना झाला नाही. रेवती भर रस्त्यात मूर्च्छित होते. फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीजवळची आश्विनशेठची तसबीर खाली पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते, आणि ती न्याहाळताना तिला फाल्गुनराव पाहतो. मग ती तसबीर फाल्गुनरावाजवळ असलेली आश्विनशेठ पाहतो. प्रत्येकाने पाहिलेच आहे. कोणीही ऐकीव गोष्टीवर विसंबलेला नाही. आणि तिघांचीही डोकी फिरली आहेत.

दागिना, रुमाल, तसबीर. एक संस्कृत, एक इंग्रजी, एक मुळातले फ्रेंच; एक सुखान्त, एक शोकान्त, एक निव्वळ हास्यरसाचे. देवलांनी हेतुपुरस्सर ही माळ गुंफली, असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिन्ही मणी एकाच दोऱ्यात बसतात, हे कोणासही दिसेल. आता या तिन्ही ठिकाणी खोटे नेमके काय होते, ते शोधू. दागिने खोटे नव्हते. ते खरोखर वसंतसेनेचे होते. रुमाल खरोखर पत्नीचा होता. तसबीर खरोखर आश्विनशेठची होती. पाहणाऱ्यांचे डोळेही शाबूत होते. जे समोर होते तेच त्यांनी पाहिले. म्हणजे वस्तू खरी आणि दर्शन खरे. खोटी होती ती वस्तूभोवती विणलेली कथा. ती कथा कोणीही पाहिलेली नव्हती. ती पाहणाऱ्याच्या मनात आधीपासून तयार होती आणि वस्तू दिसताच तिने वस्तूवर झडप घातली.

आमच्या दर्शनकारांनी भ्रमाची जी चिकित्सा केली आहे, तिच्याशी हे ताडून पाहणे उद्बोधक होईल. न्यायसूत्रांत गौतमाने प्रत्यक्षाचे लक्षण करताना ते ज्ञान चुकणारे नसावे आणि निश्चित असावे, अशा अटी घातल्या. त्यांवरील भाष्यात वात्स्यायनाने दोन साधे दृष्टान्त दिले आहेत. उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवर किरणे थरथरतात आणि पाणी भासते, हा एक. आणि दूरवर काही उठलेले दिसते, तो धूर की धूळ हे ठरत नाही, हा दुसरा. वैशाखात माधवनगराबाहेरच्या सडकेवर उभ्या राहिलेल्या मनुष्यास हे दोन्ही दृष्टान्त पोथी न उघडता कळतील. शिंपल्याच्या जागी रुपे भासते, त्याचे कारण काय, याविषयी मात्र पुढे मोठा वाद माजला. नैयायिक म्हणाले, एक वस्तू दुसऱ्या रूपाने दिसते. वेदान्ती म्हणाले, ते रुपे सत् म्हणता येत नाही आणि असत् म्हणूनही सोडवत नाही. प्रभाकर मीमांसकाने मात्र वेगळीच वाट धरली. त्याच्या मते तेथे चुकीचे ज्ञान असे काही नाहीच. समोर काही चकाकते, हे ज्ञान खरे. पूर्वी पाहिलेले रुपे आठवते, ही आठवणही खरी. चूक एवढीच, की या दोहोंतील भेद ध्यानात राहिला नाही. आठवण ही दर्शनात बेमालूम मिसळली.

प्रभाकराचे हे मत शिंपल्याच्या बाबतीत पुरे पडते की नाही, हा वाद पंडितांवर सोपवू. पण रुमालाच्या आणि तसबिरीच्या बाबतीत ते अक्षरशः लागू पडते. रुमाल दिसला हे एक ज्ञान. मनात भीती होती ही दुसरी वस्तुस्थिती. दोन्ही खऱ्या. दोहोंच्या मधली रेघ पुसली गेली आणि भीती हीच डोळ्यांपुढे उभी असल्यासारखी दिसू लागली. फाल्गुनरावाला विचारा, तो शपथेवर सांगेल की आपण बायकोचा व्यभिचार पाहिला. प्रत्यक्षात त्याने पाहिली एक तसबीर. यावरून संशयी मनुष्य आणि कादंबरीकार यांचे नाते ध्यानात येते. दोघेही थोड्याशा दिसलेल्यावरून सबंध कथा रचतात. कादंबरीकार मुखपृष्ठावरच कबूल करतो की ही कल्पित कथा आहे. संशयी मनुष्य तसे कबूल करीत नाही. कबुली न देणारा कादंबरीकार तो संशयी.

येथे 'संशय' या शब्दाबद्दलही थोडे बोलले पाहिजे. कारण आपल्या भाषेत तो दोन परस्परविरुद्ध गोष्टींसाठी वापरला जातो. न्यायशास्त्रात संशय हा दोष म्हणून नव्हे, तर सोळा पदार्थांपैकी तिसरा म्हणून आदराने सांगितला आहे. जे मुळीच ठाऊक नाही त्याविषयी विचार चालत नाही, आणि जे ठरून गेले त्याविषयीही चालत नाही. जेथे संशय आहे तेथेच विचाराला जागा आहे. समोरचा तो खांब की माणूस, असे वाटणारा मनुष्य चार पावले पुढे जाऊन पाहतो. दोन्ही पक्ष तोलून मग जे ठरते त्यास निर्णय म्हणतात. आता या अर्थाने पाहिले तर फाल्गुनरावाला संशय कधी आलाच नाही! 'ही तसबीर येथे कशी आली असेल? रस्त्यात पडली असेल काय? कोणा दुसऱ्याची असेल काय?' असे त्याने क्षणभर जरी स्वतःस विचारले असते, तरी नाटक पहिल्याच अंकात संपले असते. त्याच्या मनात 'असेल काय' नाही, 'आहेच' आहे. ऑथेल्लोचेही तेच आणि न्यायसभेचेही तेच. ज्याला आपण संशयी म्हणतो, त्याच्याजवळ संशयाचाच काय तो तुटवडा असतो. त्याच्याजवळ भरपूर असतो तो निश्चय. नाटकाचे नाव 'संशयकल्लोळ' असले तरी कल्लोळ चालतो तो निश्चयांचा, आणि शेवटी सर्वजण एकत्र येऊन एकमेकांस विचारू लागतात, म्हणजे खरा संशय घेऊ लागतात, तेव्हाच तो शमतो.

यावर एक आक्षेप येईल. सत्याची एवढी चाड असेल तर मुळात कल्पित कथांच्या वाटेस जावेच कशाला? प्लेटोने आपल्या आदर्श राज्यातून कवींना बाहेर काढले, ते याच कारणासाठी: वस्तू ही मूळ कल्पनेची नक्कल आणि काव्य हे त्या वस्तूची नक्कल, म्हणजे सत्यापासून दुप्पट दूर. या आक्षेपाचे उत्तर काश्मीरच्या शंकुकाने देऊन ठेवले आहे. त्याचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. अभिनवगुप्ताने ते मत खोडण्यासाठी आपल्या टीकेत नमूद केले, म्हणून ते आपणांस कळते. शंकुक म्हणतो, नटाला पाहून 'हा राम' असे जे वाटते, ते यथार्थ ज्ञान नव्हे, भ्रम नव्हे, संशय नव्हे आणि सादृश्यही नव्हे. चित्रातील घोड्यास आपण घोडाच म्हणतो, पण त्यावर बसावयास जात नाही; तशी ही प्रतीती चारही प्रकारांहून निराळी आहे.

हे मत खरे की नाही, याचा पडताळा 'संशयकल्लोळ' पाहणाऱ्या पिढीला समक्ष मिळाला होता. त्या प्रयोगात रेवतीचे काम बालगंधर्व करीत आणि फाल्गुनरावाचे गणपतराव बोडस. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. कृष्णाकाठचे नागठाणे हे त्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. नाट्यगृहातील लहानथोरांस ठाऊक होते की ही रेवती पुरुष आहे. तरीही घरंदाज स्त्रिया त्यांच्या लुगडे नेसण्याचे आणि अंबाड्याचे अनुकरण करीत. कोणाची फसवणूक झाली होती काय? मुळीच नाही. सत्य सर्वांस ठाऊक होते आणि दर्शनही सर्वांस गोड होते; दोन्ही एकाच वेळी मनात नांदत होती आणि त्यांच्यातील रेघ पुसलेली नव्हती. फाल्गुनरावाला जे साधले नाही, ते त्याच्यासमोर बसलेल्या हजार प्रेक्षकांना सहज साधत होते. रंगभूमीचा खरा उपयोग आम्ही हाच मानतो. तेथे आपणांस काही मिळवावयाचे नसते आणि गमवावयाचे नसते, म्हणून दिसलेले आणि मानलेले यांतील भेद पाहण्याची सवय मनास तेथे लागू शकते.

लागू शकते, असे म्हटले. लागतेच, असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. त्याचे एक उदाहरण देवलांच्याच नावाभोवती घडलेले आहे. मुलींच्या बालविवाहास आळा घालणारा कायदा १९२९ साली झाला. चौदा वर्षांखालील मुलीचे आणि अठरा वर्षांखालील मुलाचे लग्न त्याने दंडनीय ठरविले. महाराष्ट्रात त्याला 'शारदा कायदा' म्हणत. 'शारदा' नाटकात म्हाताऱ्या भुजंगनाथाशी एका बालिकेचा विवाह ठरविला जातो. ते नाटक १८९९ पासून घरोघर पोचलेले. तेव्हा कायद्याचे नाव देवलांच्या नायिकेवरून पडले, असे पुष्कळांनी धरून चालले आणि अजूनही चालतात. वस्तुतः ते विधेयक अजमेरचे हरबिलास सारडा यांनी आणले आणि नाव पडले ते त्यांच्यावरून. येथेही पाहा: नाटक खरे, कायदा खरा, नावातील साम्य खरे; दोहोंना जोडणारी कथा तेवढी कल्पित. ही चूक निरुपद्रवी आहे, आणि त्या नाटकाने लोकांची मने कायद्यासाठी अनुकूल केली असणार, हे आम्हीही मानतो. परंतु गोड चूकही चूकच. ज्या नाटककाराने वस्तूंच्या साक्षीवर एवढे लिहिले, त्याच्याच वाट्याला ती यावी, ही एक मौज.

दुसरे उदाहरण आमच्या घरचे आहे आणि ते सांगताना मौज वाटत नाही. काही वर्षांपूर्वी माधवनगरात गणेशोत्सवात हौशी मंडळींनी 'संशयकल्लोळ' केले. आम्ही सहकुटुंब गेलो, फाल्गुनरावाच्या फजितीवर पोट धरून हसलो आणि मध्यरात्री घरी आलो. दुसऱ्या दिवशी पूजेचे चांदीचे फुलपात्र सापडेना. घरी भांडी घासावयास येणारी बाई आदल्या सायंकाळी पदराखाली काहीतरी झाकून लगबगीने जाताना आम्ही स्वतः पाहिली होती. आम्ही तिला चोर म्हटले नाही. तेवढी सभ्यता पाळली. 'फुलपात्र कोठे दिसले काय?' असे फक्त विचारले. मात्र ज्या स्वरात विचारले, तो तिला कळला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून आली नाही. न येणे हाही आम्ही पुरावाच धरला. नवरात्रात देवांची पेटी उपसताना जुन्या सोवळ्याच्या घडीत फुलपात्र मिळाले. त्या वेळी आमच्या मातोश्रींनी सहज सांगितले की त्या सायंकाळी तिच्या लेकरांसाठी त्यांनीच मोदक दिले होते आणि दृष्ट लागू नये म्हणून पदराखाली झाकून ने असे सांगितले होते. आम्ही तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तिने चहा केला, 'असू द्या, दादा' म्हणाली. पण पुन्हा कामास आली नाही. आदल्या रात्री आम्ही ज्याला हसलो होतो, तो सकाळी आमच्याच घरात पूजेला बसला होता, हे आम्हांस महिन्याने कळले.

घरच्या फुलपात्रावर निभावले ते गावच्या चावडीवर निभावत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, बाजाराच्या दिवशी, भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कचेरीत मारून टाकले. ते सोलापूर जिल्ह्यातून पोट भरण्यासाठी हिंडत गेलेले होते. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशा बातम्या त्या दिवसांत मोबाइलवरून हातोहात फिरत होत्या. त्या उन्हाळ्यात भारतभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीत दोघे जण मोटारसायकलवरून येऊन खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना दिसत. लाखो लोकांनी ते डोळ्यांनी पाहिले. वास्तविक ती कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी करविलेली नाटुकली होती. मूळ फितीच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना इशारा देणारा फलक धरतात. कोणी तरी तो शेवट कापून टाकला. नाटकाचा शेवटचा प्रवेश कापला आणि नाटक हे सत्य होऊन बसले! दागिना, रुमाल आणि तसबीर यांच्या मालिकेत ही चौथी वस्तू. शंकुकाचा चित्रातील घोडा चौकटीतून बाहेर काढला आणि तो माणसे तुडवीत गेला.

या प्रकारांना उत्तर म्हणून काही लोक सांगतात की आता डोळ्यांवरही विश्वास ठेवू नये. आम्हांस हा उपाय मान्य नाही. डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही तर सत्याकडे जाण्याची वाटच बंद होते; मग ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे खरे, अशी पाळी येते. डोळ्याने आम्हांस दगा दिलाच नव्हता. त्याने पदराखाली काहीतरी असल्याचे सांगितले, ते खरेच होते. 'फुलपात्र' हा शब्द डोळ्याने नव्हे, आम्ही उच्चारला. तेव्हा डोळ्यास त्याचे काम करू द्यावे आणि त्याच्या साक्षीत आपण स्वतः किती शब्द घातले, ते मोजावे. त्यासाठी वसंतसेनेच्या दागिन्यांनी, ऑथेल्लोच्या रुमालाने आणि आश्विनशेठच्या तसबिरीने जो एक प्रश्न विचारावयास शिकविले, तो पुरे आहे: ही वस्तू येथे कशी आली?

हरिपूरच्या पेवांचे तोंड बंद करून वर माती सारली, म्हणजे वरून चालणाऱ्यास खाली काय आहे याचा मागमूसही लागत नसे. आत सोन्यासारखी हळद असेल, किंवा ओल शिरून ती काळवंडलीही असेल. शहाणा व्यापारी तर्क करीत वर उभा राहत नसे. पेव उघडवून घेई, हळद हाती घेऊन पाही आणि मगच सौदा करी. माणसाविषयी सौदा करताना आपण एवढीही काळजी घेत नाही. देवल त्याच गावचे.